डोळा दिसल्याशिवाय पाणी नाही

डेलियाचे कंद जागवणं हे काही बघण्यासारखं काम नाही. कुणी पाहुणा हौसेने बघायला आलाच तर दहा मिनिटांत जांभया द्यायला लागतो. त्याला वाटलेलं असतं, फुलांची रोपवाटिका म्हणजे जिकडे तिकडे फुलं. हंगामाच्या तोंडावर आमच्याकडे असतात ती लाकडी खोकी, खोक्यांत कोरडा भुसा आणि भुशात निजलेले मातकट गड्डे. एकेका गड्ड्याला पाच-सात कंद, रताळ्यांची जुडी बांधावी तसे. मागच्या हंगामाच्या शेवटी झाडं छाटून आम्ही ते जमिनीतून काढतो, वाळवतो आणि मागच्या अंधाऱ्या कोठारात ठेवून देतो. मग पुढचे काही महिने त्यांना कुणी हाक मारायची नाही.

हंगाम जवळ आला की खोकी बाहेर येतात. एकेक गड्डा हातात घ्यायचा, भुसा झटकायचा, दाबून बघायचा. मऊ लागला तर सडला. हलका लागला तर सुकला. घट्ट आणि वजनाला भरीव लागला तर तो जिवंत. जिवंत गड्डे ट्रेमध्ये मान वर ठेवून मांडायचे आणि ट्रे ओट्यावर सरकवायचे. ओटा म्हणजे कमरेएवढ्या उंचीचं विटांचं लांबलचक बांधकाम. त्यात वाळू भरलेली आणि वाळूत विजेच्या गरम तारा. खालून ऊब, वरून गारवा, आणि मग वाट बघायची.

वाट बघायची ती डोळ्याची. डेलियाचा डोळा बटाट्यासारखा अंगभर नसतो. तो मानेवर असतो, म्हणजे कंद जिथे जुन्या देठाला जोडलेला असतो तिथे. टाचणीच्या डोक्याएवढा, गुलाबी, जरासा फुगीर. नवशिक्याला तो दिसतच नाही. आमच्यासारख्यांना तो आधी अंगठ्याला लागतो, मग दिसतो.

हे सगळं मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांनी ही रोपवाटिका उभी केली आणि मी ती चालवते. दादा, माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात नोकरी करतो आणि फोनवरून सल्ले देतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

तात्यांचे नियम दोनच. पहिला, डोळा दिसल्याशिवाय पाणी नाही. "निजलेल्याला तोंड नसतं," ते म्हणायचे. "त्याला पाणी पाजशील तर ते त्याच्या अंगातच राहील आणि त्याला सडवील." नवी गिऱ्हाइकं इथेच चुकतात. कंद नेतात, कुंडीत लावतात आणि मायेने रोज पाणी घालतात. मग महिन्याभराने तक्रार घेऊन येतात की तुमचा माल कुजका निघाला.

दुसरा नियम वाटणीचा. डोळे दिसले की गड्डा सुरीने वाटायचा. प्रत्येक तुकड्याला थोडी मान आणि एक डोळा आलाच पाहिजे. कापलेल्या जागी कोळशाची पूड चोळायची, म्हणजे जखम सुकते. वाटायचा कंटाळा केला तर गड्डा दुसऱ्या हंगामाला मधून पोकळ होतो. दादाची आणि माझी कशावरून तरी जुंपली की तात्या म्हणायचे, "घराची वाटणी तुम्ही भावंडं करा. कंदांची मी करतो. माझ्या वाटणीत निदान प्रत्येकाला एकेक डोळा तरी मिळतो." त्यासाठीची सुरी उकळत्या पाण्यातून काढून ओट्याच्या खोलीच्या दाराजवळ खिळ्याला अडकवलेली असते. तिला दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावायचा नाही.

आता तात्यांबद्दल. हंगाम संपला की ते मावळायचे. जेवण कमी, बोलणं कमी, दिवसाचा बराच वेळ आरामखुर्चीत डोळे मिटून. आई गेल्यापासून ते जरा वाढलं होतं. मी त्यांना आळशी म्हणून चिडवायची. डॉक्टर म्हणायचे, वय झालं. पण खोकी काढायच्या दिवशी तात्या सगळ्यांच्या आधी उठून, बाह्या सारून, ओट्याजवळ हजर असायचे. "मला आणि कंदांना एकदमच झटकतात," म्हणायचे. कित्येक वर्षं त्यात खंड पडला नव्हता.

यंदा पडला.

मी आणि मावशींनी खोकी काढली. मावशी आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून कामाला आहेत. खरी मावशी कुणाचीच नाही, पण गिऱ्हाईकसुद्धा त्यांना मावशीच म्हणतं. निम्मी खोकी निवडून झाली तरी तात्यांचा पत्ता नाही, म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले. ते कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपले होते.

"तात्या, खोकी काढली," मी खांदा हलवून म्हटलं.

"काढलीस? बरं झालं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मला अजून वेळ आहे."

मला हसू आलं. म्हातारा लाडात आलाय, असं मी मावशींना सांगितलं. मावशी हसल्या नाहीत. हातातला गड्डा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "असं म्हणाले? याच शब्दांत?"

दुसऱ्या दिवशीही ते उठले नाहीत. भरवलं तर चार चमचे पेज गिळायचे. मग तीही ओठांवरून परत यायला लागली. गादी झाडताना मला उशीखाली भुसा सापडला. तात्या कोठारात कित्येक महिने गेले नव्हते. माझ्याच कपड्यांना लागून आला असेल, असं म्हणून मी चादर बदलली. सकाळी पुन्हा उशीखाली भुसा होता, आणि थोडा त्यांच्या कानात.

डॉक्टर आले. मला लहानपणी इंजेक्शन देणारे तेच डॉक्टर. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, रक्तदाब घेतला, डोळ्यांत टॉर्च मारला. मग खुर्चीत बसून चष्मा पुसायला लागले. त्यांना काही सुचेनासं झालं की ते चष्मा पुसतात.

"आजार असा काही नाही," ते म्हणाले. "नाडी मंद आहे, पण चांगली भरलेली आहे. ही नुसती कुंभकर्णी झोप आहे. खातात का?"

"नाही."

"तरी अंग उतरलेलं दिसत नाही." त्यांनी तात्यांचा दंड चाचपला. "पाय मात्र गार आहेत. या खोलीत ओल फार आहे. जरा उबेला ठेव त्यांना. चार दिवस बघू, नाही तर दवाखान्यात नेऊ."

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, आपल्या घरात उबेची जागा कुठली? आणि मावशींनी आणि मी एकदमच ओट्याच्या खोलीकडे बघितलं, कारण दोघींच्या मनात एकच आलं होतं.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं नसतं. दुसऱ्यांनी शेगडी लावली असती, गरम पाण्याची पिशवी दिली असती. आमचा सगळा जन्म एकाच कामात गेलेला. गारठलेल्या, निजलेल्या गोष्टीला ऊब द्यायची तर ती ओट्यावर, याच्यापुढे आमची अक्कल गेली नाही. शिवाय ती खोली कोरडी होती आणि मला काम करता करता त्यांच्यावर लक्षही ठेवता आलं असतं. आम्ही ओट्याच्या एका टोकाचे ट्रे हलवले, वाळूवर घोंगडी घातली, वर पातळ गादी. तात्यांना उचललं तेव्हा मावशींच्या तोंडून "अगंबाई" निघालं. इतके दिवस अन्न नाही आणि माणूस पूर्वीपेक्षा जड झाला होता. हाताला घट्ट लागत होता. गेल्या आठवड्याभरात मी शेकडो गड्डे दाबून बघितले होते, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगायला नको. मी ते झटकून टाकलं.

ओट्यावर त्यांचे पाय गरम झाले. चेहऱ्यावर जरा तजेला आला. मला बरं वाटलं. मी दादाला फोन करून सांगितलं की सुधारणा आहे.

कंदांची मात्र गंमत झाली. तात्यांच्या लगतच्या ट्रेमधल्या गड्ड्यांना सगळ्यांत आधी डोळे आले. ओट्याच्या त्या टोकाला तारा जुन्या आहेत, तिथे ऊब नेहमी कमी लागते. दरवर्षी ते टोक मागे राहतं. मी थर्मामीटर खुपसून बघितलं. वाळू दुसऱ्या टोकापेक्षा गारच होती. मी ट्रेंची अदलाबदल केली. आता जे ट्रे तात्यांच्या जवळ आले त्यांना डोळे आले. मावशी म्हणाल्या, "मालक शेजारी आहे म्हटल्यावर कोण झोपेल?" हा विनोद होता, आणि मी हसलेही.

मग दाढीचं झालं. तात्यांना दाढी वाढलेली चालत नाही. म्हणून मी एक दिवस साबण लावून वस्तरा फिरवायला घेतला, आणि हनुवटीखाली जरासं कापलं. मी कापूस दाबायला गेले. रक्त नव्हतं. चिरेतून एक पाण्यासारखा थेंब वर आला आणि तिथेच थांबला. कच्चा बटाटा कापल्यावर येतो तसा वास आला. मी बराच वेळ त्या थेंबाकडे बघत उभी राहिले. मग माझा हात आपोआप कोळशाच्या पुडीच्या डब्याकडे गेला. चिमूटभर पूड मी जखमेवर चोळली. सवयच ती. दुसऱ्या दिवशी चीर सुकली होती आणि तिच्यावर पातळ, तपकिरी साल धरली होती. खपली नव्हे. साल.

मावशींनी ती बघितली. त्या दिवसापासून त्यांनी तात्यांच्या बाजूने जाताना आवाज हळू केला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझा विश्वास थर्मामीटरवर आहे. म्हाताऱ्या माणसाचं रक्त पातळ होतं, कातडी कागदासारखी होते, असं मी स्वतःला समजावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दादा रोज फोन करत होता. "पाणी तरी जातंय का पोटात?" त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. तो भडकला. "अगं, अन्नाविना माणूस राहील, पाण्याविना राहील का? चमच्याने घाल. जबरदस्तीने घाल."

त्याचं चूक नव्हतं. मी तात्यांची मान जरा उचलून, ओठांच्या कडेने, चमचा चमचा पाणी सोडलं. बरंचसं बाहेर आलं. थोडं गेलं. तात्यांनी झोपेतच तोंड फिरवलं. "नको," ते म्हणाले. "अजून नको." पहिल्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द.

मी ऐकलं नाही. आणखी दोन चमचे घातले.

सकाळी खोलीचं दार उघडलं आणि वास आला. हा वास मी झोपेतही ओळखीन. कुजकट, गोडसर. मी एकेक ट्रे हुंगत गेले, कुठला गड्डा सडला ते बघायला. सगळे ट्रे चांगले होते.

तात्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात, जिथून पाणी घातलं होतं, तिथे एक तपकिरी डाग पडला होता. मी बोट लावलं. मऊ लागलं. कापसाने पुसायला गेले तर ते कापसाबरोबर निघून आलं, आणि खाली पांढरंशुभ्र, कोरडं काहीतरी दिसलं.

मला तेव्हा भीती वाटली. पण हात थांबले नाहीत. मऊ झालेलं सगळं मी काढलं, निरोगी भाग लागेपर्यंत. कोळशाची पूड दाबून बसवली. संध्याकाळपर्यंत डाग पसरायचा थांबला.

"मावशी, पाणी बंद," मी म्हटलं.

"बंदच," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. पाणी दिलं तर ते सडतील. नाही दिलं तर माणूस पाण्याविना मरतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला माझे वडील हवे होते. बाह्या सारून ओट्याजवळ उभे असलेले, मला चुका दाखवणारे. ते परत मिळायचा रस्ता या दोहोंपैकी कुठला, ते मला सांगणारं कुणी नव्हतं. आणि ज्यांना विचारलं असतं, ते ओट्यावर निजले होते.

डॉक्टर पुन्हा आले. या वेळी चष्मा पुसून पुसून त्यांनी काचा झिजवल्या. "ओठाला हे काळं काय?"

"काजळी लागली असेल."

"नाडी अजून मंद झालीय. आता घरी ठेवण्यात अर्थ नाही. मी तुझ्या भावाशी बोलतो."

दादा त्याच संध्याकाळी आला. ओट्यावर, ट्रेंच्या रांगेत झोपलेले वडील बघून तो दारातच थबकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग राग.

"हे काय केलंयस? रोप आहेत का ते?"

"उबेसाठी ठेवलंय. डॉक्टरांनीच सांगितलं."

"डॉक्टरांनी हे सांगितलं?" तो जवळ गेला, तात्यांच्या कपाळावर हात ठेवला. "सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स येतेय. मी सांगून ठेवलंय. गेल्या गेल्या सलाईन लावतील. दोन बाटल्या गेल्या की बघ कसे उठून बसतील."

दोन बाटल्या. सरळ शिरेत, अंगभर.

"दादा, थोडे दिवस थांबू या."

"कशासाठी?"

याला मी काय सांगणार होते? त्याला हे काम कधी आवडलं नाही. दोन नियम त्यानेही लहानपणी ऐकले होते, पण ऐकून सोडून दिले होते. मी मावशींकडे बघितलं. मावशी खाली मान घालून भुसा झाडत होत्या.

"त्यांनी स्वतः सांगितलंय," मी म्हटलं. "पाणी अजून नको म्हणाले."

"झोपेत म्हणाले. आणि तू ऐकलंस." त्याचा आवाज उतरला. तो माझ्याशी लहान मुलीशी बोलावं तसा बोलायला लागला, ते मला रागापेक्षा जास्त लागलं. "अगं, ते आपले वडील आहेत. तू दमलीयस. जा, झोप जरा. सकाळी आपण दोघं जाऊ त्यांच्याबरोबर."

त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. म्हणून मी वाद घातला नाही.

सकाळी उजाडल्यावर मी धुतलेला सदरा घेऊन ओट्याच्या खोलीत गेले. दवाखान्यात न्यायचं तर तात्या नीटनेटके दिसायला हवेत. दादा घरात चहा घेत होता. मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला डोळे आलेल्या ट्रेंवर फवारा मारत होत्या.

मी तात्यांना कुशीवर वळवलं. जुना सदरा खांद्यावरून उतरवला. गादीवर भुसा पडला, पण त्याचं आता मला काही वाटत नव्हतं.

मग मी त्यांची मान बघितली.

मागच्या बाजूला, केस संपतात तिथे, मणक्याच्या वरच्या टोकापाशी कातडी जराशी ताणलेली होती. मी खिडकीचा पडदा सरकवला. उजेड आला, तरी डोळ्यांना काही नीट कळेना.

म्हणून मी अंगठा फिरवला.

एक लागला. त्याच्या शेजारी दुसरा. मग जरा अंतर सोडून आणखी दोन.

टाचणीच्या डोक्याएवढे. घट्ट. आता दिसतही होते. गुलाबी.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मनात आलं ते दुसरंच. मनात आलं, सुटलो. आता पाणी देता येईल.

"मावशी," मी म्हटलं.

त्या आल्या, माझा अंगठा होता तिथे बघितलं. हातातला फवारा त्यांनी माझ्याकडे दिला. मी मानेवर एकदा हलकासा फवारा मारला. पाणी ओघळलं नाही. कातडीवर थांबलं, आणि मग तिथे नव्हतं. मी पुन्हा मारला. तेही गेलं.

तात्यांनी खोल श्वास घेतला. त्यांच्या पाठीचा कणा टोकापासून टोकापर्यंत हलला.

बाहेर अ‍ॅम्ब्युलन्स आली.

मी त्यांना धुतलेला सदरा घातला. गळ्याशी बटण लावलं, कॉलर वर केली आणि त्यांना उताणं केलं. दादा आत आला तेव्हा त्याच्याबरोबर डॉक्टर होते आणि स्ट्रेचर घेतलेला एक माणूस.

"पाणी," तात्या म्हणाले.

स्पष्ट. सगळ्यांनी ऐकलं. दादाने धावत भांडं आणलं. तात्या एका दमात अख्खं भांडं प्यायले, मग दुसरं. त्यांनी दादाचं बोट पकडलं आणि सोडेनात. दादा ओट्याशी वाकून लहान मुलासारखा रडायला लागला. मी पण रडले. ओठाच्या कोपऱ्याकडे माझं लक्ष होतं. तिथे काही झालं नाही.

डॉक्टरांनी नाडी बघितली. बराच वेळ मनगट धरून बसले. "कमाल आहे," ते म्हणाले. "आता दवाखान्यात नेऊन मी तरी काय सांगू?" अ‍ॅम्ब्युलन्स रिकामी परत गेली.

"बघ," दादा नाक पुसत मला म्हणाला, "मी सांगत होतो की नाही, पाणी द्या म्हणून?"

"सांगत होतास," मी म्हटलं.

तो वहिनीला फोन करायला बाहेर गेला. डॉक्टर चहाला घरात गेले. खोलीत आम्ही दोघी राहिलो, आणि तात्या. ते पुन्हा डोळे मिटून पडले होते. त्यांचा चेहरा खिडकीच्या बाजूला वळलेला होता. मी वळवला नव्हता.

"किती?" मावशींनी विचारलं.

"चार. पाचवा धरतोय."

मावशींनी मान डोलावली. एखाद्या ट्रेबद्दल सांगितल्यावर डोलावतात तशीच. मग त्या दारापाशी गेल्या, खिळ्यावरची सुरी काढली, अंगठ्याने धार बघितली आणि माझ्याकडे वळून उभ्या राहिल्या. त्यांच्या नजरेत वाईट काही नव्हतं. पुढचं काम काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी तात्यांची कॉलर नीट केली.

"यंदा नको," मी म्हटलं.

मावशींनी सुरी खाली केली. बाहेर दादा फोनवर मोठ्याने हसत होता.

"मग मधून पोकळ होतो गं," तात्या म्हणाले. डोळे न उघडता, मला शिकवताना बोलायचे त्याच आवाजात.